नदीनंतर न काढलेलं बूच

एका दुर्मीळ जातीचं एकच झाड उरलं होतं, तेही कड्याच्या टोकावर. त्याच्या बिया आणायला आम्ही तिघं निघालो होतो. नऊ वर्षांनी त्याला शेंगा धरल्या होत्या. शेंगा तडकल्या की पंखांच्या बिया वाऱ्यावर निघतात आणि खालच्या खडकाळ दरीत पडून वाया जातात. म्हणजे पोचायचं ते तडकण्याआधी! "शेंगा तपकिरी पडल्यात, चार दिवस धरा," असा वनरक्षकाचा निरोप आला आणि तासाभरात आमचा पिकअप रस्त्याला लागला.

मोहीम बाईंची. त्या बियाणं जपणाऱ्या एका संस्थेत कामाला होत्या आणि ही नऊ वर्षं त्यांनी अक्षरशः मोजून काढली होती. गाडीची जबाबदारी दाजींची. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, तीस वर्षं गॅरेज चालवलेला माणूस. स्टिअरिंगवर मी. हे काम मला दाजींच्याच शब्दावर मिळालं होतं. "नदी ओलांडण्यात माझ्या मेव्हण्याचा हात धरणारा कोणी नाही," असं त्यांनी बाईंना छातीठोकपणे सांगितलं होतं. ते वाक्य आठवलं की आजही माझी मान खाली जाते.

पहिल्याच दिवशी नदी आडवी आली. पाणी हेडलाइटला टेकत होतं. पुढच्या डिफरन्शियलची मला काळजी होती. डिफरन्शियल म्हणजे पुढच्या चाकांना ताकद वाटून देणारा, तेलाने भरलेला लोखंडी गोळा. तो तापला की आतली हवा फुगते. ती बाहेर पडावी म्हणून त्याला एक बारीक नळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. नळीचं तोंड इंजिनाशेजारी काढलेलं असतं. तिथून पाणी शिरू नये म्हणून मी त्यात एक लाकडी बूच ठोकलं. ही माझी खास युक्ती! दाजींनाही कधी सांगितली नव्हती. पलीकडे गेलं की बूच काढायचं, की झालं. पण पलीकडे बाईंनी टाळ्या वाजवल्या, दाजींनी पाठ थोपटली आणि मी असा हुरळलो, की बूच तिथेच राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लांबलचक चढणीवर जळकट वास आला. दाजींनी हात वर केला. "थांबव!"

गाडीखाली तेलच तेल. डिफरन्शियलमधून शाफ्ट जिथे बाहेर येतो तिथलं रबरी सील गळत होतं. तेच सील दाजींनी निघण्याआधी स्वतः नवं बसवलेलं.

"असं कसं झालं?" दाजी पुटपुटले आणि सतरंजी टाकून गाडीखाली शिरले.

जवळ एकच जादा सील होतं. दाजींनी शाफ्ट सोडवला. मोठ्या नटावर छिन्नीने खूण केली, कारण तो पुन्हा आवळताना खुणेच्या पुढे गेला तर आतल्या बेअरिंगचे बारा वाजतात. जुनं सील उचकटून काढलं. सील बसायची खाच चिंधीने तीनतीनदा पुसली. मग लाकडाचा ठोकळा धरून हलक्या हाताने नवं सील ठोकत बसले, एकदा या कडेला, एकदा त्या कडेला, चारही बाजूंनी सारखं. मी पाने-पकडी पुरवत होतो. बूच माझ्यापासून दोन हातांवर होतं आणि माझ्या मनातही आलं नाही. ऊन कलेपर्यंत काम चाललं. अर्धा दिवस गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी चढ लागला आणि पुन्हा तोच वास!

दाजी खाली वाकले, उठले आणि बाजूच्या दगडावर जाऊन बसले. बाईंनी अगदी हळू विचारलं, "मिस्त्री, सील जुनं तर नव्हतं ना?"

"सील नवं होतं, बाई. हात जुने झाले."

उरलंसुरलं तेल भरायला मी गाडीखाली गेलो. भरायच्या भोकाचा बोल्ट सैल केला मात्र, फुस्स! तेलकट गरम हवा तोंडावर आली. क्षणभर काही कळेना. आणि मग सगळंच कळलं. कोंडलेली हवा तेलाला सीलमधून बाहेर ढकलत होती. हवा कोंडली होती माझ्या बुचामुळे!

तेल भरून मी बॉनेट उघडलं, बूच ओढून काढलं आणि खिशात घातलं. आत्ता सांगतो, असं म्हणत दाजींकडे गेलो. ते स्वतःचे पंजे उलटसुलट करून बघत होते.

"परत गेलो की गॅरेजचं शटर कायमचं ओढून घेतो," ते म्हणाले. "तुझ्या ताईलाही सांगायचं आहे. तूच सांग. माझ्याने होणार नाही."

तोंडाशी आलेले शब्द मी गिळले. बाई काय म्हणतील? पुन्हा कोण मला गाडी देईल? छे, हे सगळे बहाणे. मला लाज वाटली आणि मी भ्यालो, एवढंच खरं.

पुढचे तीन तास गळती थांबली होती. दाजी दर मैलाला उतरून खाली बघत आणि मान हलवत परत गाडीत बसत. "नशीब," एवढंच म्हणाले. नशीब कसलं! त्यांनी उत्तम बसवलेलं सील होतं ते.

अखेर शेवटची चढण आली. एका गाडीपुरती वाट, सुट्या दगडांची. उजवीकडे दरी. वर, आभाळाला टेकलेलं ते झाड. चारही चाकांनी ओढल्याशिवाय इथे गाडी चढणार नव्हती. आणि मध्येच पुढचं डिफरन्शियल कोरडं पडून चाकं जाम झाली, तर गाडी सरळ दरीत! पायी गेलो तर वर पोचायला उद्याची संध्याकाळ झाली असती.

दाजी बाईंसमोर उभे राहिले. "मागे फिरू या. माझ्या सीलच्या भरवशावर मी तुमचा जीव टांगणीला लावणार नाही."

बाईंनी झाडाकडे बघितलं. खूप वेळ. मग चष्मा पुसला. "ठीक आहे, मिस्त्री. फिरवा गाडी."

गप्प राहिलो असतो तर कुणाला काही कळलं नसतं. बाई रिकाम्या हाताने परतल्या असत्या आणि दाजींनी जन्मभर स्वतःला दोष दिला असता. मी खिशातून बूच काढून पुढे धरलं.

"दाजी, सील चांगलं आहे. दोन्ही चांगली होती. मी नदीवर ब्रीदरला हे ठोकलं आणि काढायचं विसरलो. सकाळपासून मला माहीत आहे."

दाजींनी बूच हातात घेतलं. "तो ब्रीदर गॅरेजमध्ये मी फुंकून बघितला होता," ते म्हणाले. "मोकळा होता म्हणूनच मला त्याची शंका आली नाही." मग माझ्याकडे बघितलं. "सकाळपासून? मी शटर ओढायचं म्हणालो तेव्हाही?"

"हो."

त्यांनी मला मारलं असतं तर बरं वाटलं असतं. ते गाडीखाली गेले, सीलभोवती बोट फिरवून आले. बोट कोरडं होतं.

"बाई, बसा. गाडी जाईल," ते म्हणाले. आणि मला, "चल, चालव. मी पुढे चालून दगड दाखवतो."

पहिला गिअर. चाकं घसरली, मग धरली. उजवं चाक कडेला! दाजींचा हात डावीकडे झाला. मी वळवलं. एक धोंडा निसटला, दरीत आपटत गेला. गाडी तिरकी झाली. बाईंनी दांडी घट्ट धरली. "दाब! सोडू नकोस!" दाजी ओरडले. मी अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरला. पुढची चाकं दगडाला चिकटली, गुरगुरली आणि गाडी वर आली!

झाडाखाली पोचलो. बहुतेक शेंगा तडकून रिकाम्या झाल्या होत्या.

"काल संध्याकाळचा वारा," बाई म्हणाल्या. काल संध्याकाळी आपण इथे असायला हवं होतं, हे त्या बोलल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. मला चोरट्यासारखं झालं.

दरीवर झुकलेल्या एका फांदीवर थोड्या शेंगा अर्धवट उघडलेल्या होत्या. धक्का लागला तरी बिया उडाल्या असत्या. थंडीने बाईंची बोटं थरथरत होती. त्यांनी चिमटा दाजींपुढे धरला.

"मिस्त्री, हे तुमच्याशिवाय कोणाला जमायचं नाही."

दाजींनी कमरेला दोर बांधला, फांदीवर आडवे झाले आणि एकेक बी चिमट्याने उचलू लागले. हात जराही हलत नव्हता. फांदीखाली, कड्याच्या अगदी काठाशी मी फडकं पसरून उभा होतो. डोळे भरून आले होते, पण पुसायला हात मोकळे नव्हते.

"नीट धर," दाजी वरून म्हणाले. "आणि सांडलं, तर या खेपेला लगेच सांग."

"सांगतो, दाजी," मी म्हणालो आणि फडकं आणखी घट्ट ताणून धरलं.