न गायलेला विलाप

शोल्पान-आपांच्या वाट्याला गेली कित्येक वर्षं चहा ओतणाऱ्या आज्याच येत होत्या. अल्माटीतली कुठलीही मालिका लावा, नातवाचं लग्न ठरताना कोपऱ्यात समोवारपाशी त्या दिसणारच. म्हणून दिग्दर्शक साकेननं त्याच्या नव्या सिनेमात मुलगी गमावलेल्या आईची भूमिका देऊ केली, तेव्हा त्यांनी विचार करायला वेळसुद्धा मागितला नाही. अख्खा सिनेमा त्या आईचाच होता.

मेकअपवाल्या गाउहारनं मात्र नाक मुरडलं. "आपा, लंगड्या मास्तरणीचं काम केलंत आणि बर्फात पाय मोडून घेतलात. पडद्यावर विधवा झालात, वर्षाच्या आत घरीही तेच. एखादी गडगंज श्रीमंत बाई मागून घ्या की हो!"

"चेटकीणही झाले होते मी. माणसं खाल्ली का कुणाची?"

दोघी हसल्या. करारावर सही झाली. पुढच्याच आठवड्यात त्यांची एकुलती एक मुलगी मोल्दिर लाजत म्हणाली, "आई, तू आजी होणार."

त्या रात्री आपांना झोप लागली नाही. सकाळी स्वतःलाच चार शब्द सुनावून त्या तालमीला गेल्या.

विलापाचा प्रसंग शेवटी ठेवला होता, इली नदीकाठच्या एका गावात. शरद संपत आला होता. माळावरून कडवट दवण्याचा वास येत होता. आपा पांढरा रुमाल बांधून तयार होत होत्या, तेवढ्यात जावयाचा फोन आला. मोल्दिरला दवाखान्यात नेलं होतं. अजून दिवस भरायचे होते. डॉक्टर नीट काही सांगत नव्हते.

साकेन म्हणाला, "गाडी तयार ठेवतो, आपा. पण गावच्या बायका खोळंबल्यात. उजेड आहे तोवर एकच शॉट द्या. मग थेट निघा."

तंबूत लोकरीच्या नमद्याचा आणि मेंढीच्या चरबीचा वास कोंदला होता. रीतीप्रमाणे आपा भिंतीकडे तोंड करून बसल्या. कॅमेरा बाजूला होता. सिनेमातल्या मेलेल्या मुलीचं नाव होतं अकबोता. ते नाव घेऊन हंबरडा फोडायचा होता.

ओठ उघडले, पण नाव येईना. गेलेल्या मुलीचं कुठलंच नाव त्यांना तोंडातून काढायचं नव्हतं.

साकेन ओरडेल. ओरडू दे! त्यांनी डोळे मिटले आणि मोल्दिरला लहानपणी जी म्हणून निजवायच्या ती अंगाई हलक्या आवाजात म्हणायला सुरुवात केली.

डोळे उघडले तेव्हा शेजारची म्हातारी गुडघे बडवत रडत होती. ध्वनिमुद्रण करणाऱ्यानं कानांवरचे हेडफोन काढून ठेवले होते.

"पुरे, आपा," साकेन त्यांच्याकडे न बघता म्हणाला. "दुसरा टेक नको."

गाडी अर्ध्या वाटेवर असताना पुन्हा फोन वाजला. "मुलगी झाली!" जावई फोनवरच रडत होता. "दोघी सुखरूप आहेत. मध्ये मोल्दिरची नाडी लागत नव्हती म्हणे. मग लागली आपोआप."

आपांनी गाडी थांबवायला लावली. उघड्या माळावर उतरून पोटभर रडल्या, मग हसल्या, मग ड्रायव्हरला बळेबळे पिशवीतले तळलेले बौरसाक खाऊ घातले. छातीवरचं ओझं असं उतरलं होतं, की भुकेची जाणीवही त्यांना तेव्हाच झाली.

वसंतात सिनेमा लागला. पहिल्या खेळाला मोल्दिर बाळाला मांडीवर घेऊन आईशेजारी बसली.

खेळाआधी साकेन भेटला. "तुमच्या त्या विलापानं, आपा... एडिटिंग अर्धवट टाकून बाहेर पळालो मी."

"अरे, मी तर अंगाई म्हटली होती."

"झालं! आता माझी थट्टा करा."

दिवे मालवले. बऱ्याच वेळानं तो तंबू पडद्यावर आला.

पडद्यावरची बाई आपाच होत्या. रुमाल तोच होता, भिंतही तीच. आणि ती विलाप करत होती.

आपा जन्मभर रडण्याची कामं करत आल्या होत्या. रडण्यात कसब कुठे असतं, ते त्यांना नेमकं दिसायचं. इथे कुठेच दिसेना. असं रडणं त्यांना कधीच जमलं नव्हतं.

अंधारात त्यांनी मोल्दिरचा हात चाचपला. उबदार होता. काय असेल ते असो, त्यांनी श्वास सोडला. लेक जवळ होती.

पडद्यावरच्या बाईनं तोंड वर केलं. नाव घेऊन हाक मारली.

अकबोता नाही.

"मोल्दिर!"

"ओ," बाळाला थोपटत शेजारून मोल्दिर म्हणाली.