आतून चिणलेली भिंत

छिन्नी तापवून, पाणी देऊन टणक करून आणायची म्हणून मिस्त्री सकाळीच लोहाराकडं निघाला होता. दुसरं काही काम नव्हतं. नव्हतं म्हणजे कुणी देत नव्हतं, सरळच सांगतो. सगळ्यांना सिमेंटचे ब्लॉक पाहिजेत. दगडाला कोण विचारतो?

त्याला सगळे ओळंबा म्हणायचे. ओळंबा म्हणजे दोरीला टांगलेलं ते वजन, भिंत सरळ आहे का वाकडी ते दाखवणारं. हा माणूस तसाच. वाकडं दिसलं की मालकाच्या तोंडावर वाकडं म्हणायचा, मालक मग कुणी का असेना. त्यापायी कामं गेली, पण मान कधी खाली गेली नाही.

एकच गोष्ट तो लपवायचा. उजवा हात. वर्षभरापासून त्याला कापरं भरत होतं. चारचौघांत तो हात खिशात असायचा. बायकोला ठाऊक होतं. ती चहाचा कप अर्धाच भरून द्यायची आणि बोलायची काही नाही.

लोहाराच्या दारात त्याच्या जावयानं गाडी आडवी घातली. जावई मजूर पुरवायचा धंदा करतो. बसा मामा, म्हणाला, टीव्हीवाल्यांकडं जायचंय, दगडातला माणूस पाहिजे त्यांना. वाटेत त्यानं सगळं सांगितलं. एक जाडजूड कादंबरी आहे म्हणे, राजे, चेटकिणी, उडते साप असली. लोकांनी डोक्यावर घेतलेली. तिच्यावर मालिका करतायत, पण कादंबरीतली गोष्ट नाही, तिच्या आधीची. कादंबरीत किल्ला पडून गेलाय, मालिकेत तो बांधला जाणार.

“म्हणजे नातवाची गोष्ट छापून झाली, आता आज्याची काढतायत,” मिस्त्री म्हणाला.

“तसंच समजा. पण मामा, तिथं तोंड जरा आवरा.”

बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत किल्ला उभा केला होता. लांबून बघावं तर छाती दडपेल, जवळ जाऊन टिचकी मारली तर डबा. सगळं प्लायवूड आणि रंग. मिस्त्री हसला. मालिकेची डायरेक्टर एक बाई होती, बारीक चणीची, उन्हानं रापलेली. तिनं ते हसणं बघितलं आणि राग धरला नाही. तिनं त्याला सगळं नीट समजावलं.

कादंबरीत म्हणे सगळा किल्ला ढासळलाय, एकच भिंत उभी आहे, आणि तिच्यातून करणीचा आवाज येतो. करणी म्हणजे आपली चुना ओढायची. तो आवाज का येतो ते पुस्तकात नाही. “बांधणारा आत आहे” एवढंच लिहून कादंबरी लिहिणारी वारली. आता मालिकेत ते दाखवायचं होतं. राजा म्हणतो, असली भिंत दुसऱ्या कुणाला मिळू नये, गवंड्याचे हात तोडा. गवंडी काय करतो? हात घेऊन भिंतीच्या आत जातो आणि आतून शेवटचा दगड बसवून घेतो. तोड म्हणतो आता.

हे ऐकून मिस्त्रीच्या अंगावर काटा आला. भीतीचा नाही. असा माणूस झाला असेल तर त्याला भेटायला पाहिजे होतं, असं त्याला वाटलं.

अडचण हिरोची होती. देखणा गडी, पण करणी धरली ती आमटी वाढायच्या पळीसारखी. डायरेक्टर बाईला हात पाहिजे होते, खऱ्या गवंड्याचे. कॅमेरा बाहेर, समोर भिंत, फटीतून फक्त हात दिसणार. दगड थर्माकोलचे देते म्हणाली.

“थर्माकोलला माझा हात लागायचा नाही,” मिस्त्री म्हणाला. “खरा दगड, खरा चुना. आतून चिणायचंय ना? मी आत जातो.”

जावयानं त्याला बाजूला घेतलं. हळूच म्हणाला, मामा, हाताचं काय? सगळ्या जगासमोर हलला तर? मिस्त्रीनं त्याच्याकडं असं बघितलं की जावई दोन पावलं मागं सरला. पण जावई म्हणाला ते खोटं नव्हतं. ओळंब्याचा हात हलतो हे एकदा टीव्हीवर दिसलं, की संपलं.

खाणीच्या कड्यात एक कोनाडा होता, माणूस उभा राहील एवढा. तिन्ही बाजूंनी अखंड खडक, डोक्यावरही खडक. उघडी बाजू तेवढी चिणायची. आत डाव्या हाताला दगड रचून ठेवले, चुन्याची पाटी ठेवली. भर दुपारी मिस्त्री आत शिरला. जावई बाहेर पहार घेऊन उभा. काम झालं की भिंत फोडून बाहेर काढायचं ठरलं.

कमरेपर्यंत भिंत आली तोवर उजेड होता. छातीपर्यंत आली तसं जावयानं बाहेरून दगड द्यायचं थांबवलं, पुढचे आतलेच घ्यायचे होते, आणि आत काळोख साचत गेला. बाहेरचे आवाज दबले. ओल्या चुन्याचा वास, आपलाच श्वास, आणि करणीची खरखर. हात हलत होता. दोनदा चुना सांडला.

दगडाखाली फट राहिली, तिथं दगडाची बारीक कपची बसवायची म्हणून त्यानं सवयीनं हात मागं केला. आयुष्यभराची सवय. “चीप दे,” म्हणाला.

तळव्यावर चीप आली. पाहिजे तेवढीच. फटीत घातली, बसली.

मग त्याला राग आला. जावयानं कीव करून आत माणूस घातला की काय? “मला मदत लागत नाही,” तो पुटपुटला. त्यानं परत हात मागं केला. दगड आला, मागायच्या आधी, घडीव तोंड पुढं करून. गवंडीकाम केलेल्याला कळेल मी काय म्हणतो. असा हाताखाली देणारा माणूस मिस्त्रीला जन्मात भेटला नव्हता. राग उतरला. काम असं चाललं की बस. एक गार पडलेला हात देत होता, एक तापलेला हात बसवत होता...

शेवटची फट उरली, बाहेर कॅमेऱ्याचा काळा डोळा तिच्यावर रोखलेला. मिस्त्रीनं दगड उचलला आणि हात थडथड उडायला लागला. दगड काठावर आपटला.

तेव्हा खालून त्याचं मनगट कुणीतरी धरलं. हलकेच. चार गार, ओली बोटं.

हात थांबला. दगड सरळ गेला, चुन्यात रुतला, फट मिटली. काळाकुट्ट अंधार झाला.

आता मागं वळायचं त्याचं धाडस होईना. पण चांगल्या कामाला चांगलं म्हणायचं नाही, असा तो माणूस नव्हता.

“हात चांगला आहे... तुझा,” तो म्हणाला.

मग अगदी कानापाशी,

“तुझाही...”

भिंत फोडताना पहार वाकली. ओला चुना, तासाभराचं बांधकाम, आणि ते फुटेना. मिस्त्री बाहेर आला तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते, बाईच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यानं जावयाला विचारलं, आत कुणाला घातलं होतंस?

“मामा, दुसऱ्याला जागा तरी होती का आत?” जावयानं बॅटरी घेऊन कोनाड्यात वाकून बघितलं. बॅटरीचा उजेड त्यानं डावीकडं दोनदा फिरवला. मग दबक्या आवाजात म्हणाला, “मामा... वरचं तुम्ही बांधलं कशानं?”

डावीकडं रचून ठेवलेले दगड होते तसे होते. एकही हलला नव्हता.

मालिका लागली तेव्हा गल्लीतली माणसं मिस्त्रीच्या घरात मावेनात. राजा आला, चेटकीण आली, कुणाचं लक्ष नव्हतं. मग पडदाभर हात आला. दगडासारखा स्थिर. ओळंब्याचा हात, ओळंब्याचा हात, म्हणून पोरं नाचली. ज्यांनी त्याला कामावरून काढलं होतं तेही मान डोलवत होते. मिस्त्री छाती काढून बसला होता, हातात काठोकाठ भरलेला कप. एक थेंब सांडला नाही. बायको पडद्याकडं न बघता त्या कपाकडं बघत होती.

माणसं पांगल्यावर ती जवळ आली. त्याची बाही तिनं मागं सारली. चुन्याची चार बोटं होती, त्या दुपारपासूनची, धुऊन न जाणारी. तिनं बोट लावून बघितलं. बोटाला चुना लागला. एवढे महिने झाले, उन्हाळा सरला, आणि तो अजून ओला होता.

“अहो,” ती म्हणाली, “ही मनगटावर होती ना?”

मिस्त्रीनं बघितलं. बोटं कोपराच्या वर होती, खांद्याकडं तोंड करून.

मग त्यानं बाही खाली ओढली आणि बटण लावलं, एका झटक्यात, हात जरासुद्धा न हलता.

“असू दे,” म्हणाला. “कारागिराचा हात आहे.”