रोज रिकामा होणारा स्किप

मंगळवारी सकाळी सातला दारात ट्रकचा टीं-टीं आवाज घुमला. टेगन दचकून उठली, वडिलांचे गमबूट पायात अडकवून रात्रीच्या कपड्यांवरच अंगणात धावली. बाहेर बारीक पाऊस होता आणि जुलैतली, ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅटची ती हाडात शिरणारी थंडी.

"थांबा! अहो थांबा ना! मागं गेट आहे!"

ट्रक थांबला. खिडकीतून एक ओलं कुरळं डोकं बाहेर आलं.

"गेट दिसलं मला," तो म्हणाला. "पण ही गाडी कुणाची? कचऱ्याचा हा स्किप ठेवू कुठं, हिच्या टपावर?"

गाडी वडिलांची होती. तीन वर्षं जागची न हललेली होल्डन. चाकाखालून वर आलेलं गवत आता तिच्या दाराच्या मुठीला लागलं होतं.

"ती... ती चालत नाही. रस्त्यावर ठेवा ना."

"रस्त्यावर ठेवायला नगरपालिकेची परवानगी लागते. काढलीय?"

"किती दिवस लागतात?"

"आठ-दहा."

"आठ-दहा? माझ्याकडे सोमवारपर्यंतच... अहो, सोमवारी हॉस्पिटलच्या बाई घर बघायला येणारेत. तोवर सगळं साफ झालं नाही तर माझ्या वडिलांना..."

तो खाली उतरला. गाडी आणि कुंपण यांच्यामधली जागा त्यानं पावलांनी मोजली, मग बोटांनी मोजली, आणि मान हलवली. "बसेल. वीतभर जागा उरेल. तुम्ही समोर उभ्या राहा आणि हातानं दाखवा."

"मी? मला स्वतःची गाडी धड लावता येत नाही!"

"मला येते. तुम्ही फक्त ओरडा."

साखळ्यांना लटकलेला तो भलामोठा लोखंडी डबा डुलत डुलत खाली येऊ लागला. होल्डनच्या आरशापासून दोन बोटांवर... एका बोटावर...

"बाई," वरून आवाज आला, "डोळे मिटून कसलं दाखवताय?"

तिनं डोळे उघडले. स्किप जमिनीवर टेकला होता, आरसा शाबूत होता, आणि तो माणूस हसत होता. त्याच्या पुढच्या दातात बारीकशी फट होती. असल्या सकाळी ही फट आपल्या लक्षात का यावी, हे टेगनला कळेना.

"रंगाचे डबे नकोत, गाद्या नकोत, आणि काठाच्या वर काही नको," तो म्हणाला. "शनिवारी न्यायला येतो. काही अडलं तर मलाच फोन करा, ऑफिसात कुणी उचलत नाही." पावतीच्या मागं त्यानं नंबर लिहिला, आणि खाली नाव. आन्टे.

टेगनच्या वडिलांचं, डेस हॅलोरनचं, आयुष्य रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये गेलं. बायको सहा वर्षांपूर्वी वारली, आणि तेव्हापासून डेसनं घरातून काही बाहेर जाऊ दिलं नाही. वर्तमानपत्रं, जॅमच्या बरण्या, तुटक्या खुर्च्या, दुसऱ्यांनी टाकलेले पंखे. घरात चालायला एक पायवाट तेवढी उरली होती. जूनमध्ये त्याच पायवाटेवर वर्तमानपत्रांचा ढीग कोसळला, डेस पडला आणि खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलनं सांगितलं, घर वावरण्याजोगं असेल तरच घरी सोडू, नाहीतर वृद्धाश्रम.

टेगन जिलाँगला लहान मुलांना पोहायला शिकवायची. दोन आठवड्यांची रजा टाकून ती आली होती. डेस एवढंच म्हणाला होता, "टाक काय टाकायचंय ते. मला सांगू नकोस फक्त."

हेच तर अवघड होतं. प्रत्येक वस्तू हातात घेतली की तिला वाटे, हीच असेल तर? हिच्यावाचूनच त्याचं अडलं तर? सकाळी उत्साहानं टाकलेलं ती दुपारी धास्तावून परत काढी. कोपरा तुटलेला दिवा दोनदा आत गेला आणि दोनदा बाहेर आला.

बुधवारी आन्टेचा ट्रक दारात थांबला. "इकडूनच चाललो होतो," तो म्हणाला. स्किपमध्ये डोकावला, मान डोलवली आणि गेला.

गुरुवारी तो पुन्हा आला. या वेळी मात्र बराच वेळ डोकावून बघत राहिला.

"चार वर्षं हे काम करतोय," शेवटी तो म्हणाला. "स्किप भरलेले पाहिले, उतू गेलेले पाहिले. रोज रिकामा होणारा हा पहिलाच."

"चेष्टा करताय?"

"नाही हो. मोजतोय. काल सहा खुर्च्या होत्या, आज दोन."

टेगन हसायला गेली आणि एकदम तिचे डोळे भरून आले. "मला नाही जमत... त्याचं आहे सगळं. मी कोण टाकणारी? आणि नाही टाकलं तर तो घरीच येणार नाही."

आन्टेनं ट्रकमधून कागदात गुंडाळलेला, सारण भरून भाजलेला बुरेक आणला. अजून गरम होता, मांसाचा आणि कांद्याचा वास सुटला होता. "आईनं दिलाय. आधी खा. उपाशीपोटी कुणालाच काही टाकवत नाही." आणि दाराशी बूट दोनदा पुसून तो आत आला, जणू त्या घरात पुसून ठेवण्यासारखी जमीन कुठं दिसत होती!

त्या दिवशी आणि शुक्रवारी, कामावरून सुटल्यावर, त्यानं वर्तमानपत्रं वाहिली. शेवटच्या खुर्च्या उचलताना तो सहज म्हणाला, "तू तिकडून धर," आणि थबकला. "म्हणजे... तुम्ही."

"तू चालेल," टेगन म्हणाली. खुर्ची फार जड असल्यासारखी तिनं मान खाली घातली.

शुक्रवारी संध्याकाळी बैठकीची खोली मोकळी झाली. दोघं मधोमध उभे होते. हा सगळ्या गिऱ्हाइकांना असाच बुरेक खिलवत असेल का? टेगनला विचारायचं होतं.

शनिवारी सकाळी स्किप काठोकाठ भरला होता. आन्टेनं वर जाळी ओढली, साखळ्या आवळल्या.

"बरंय मग," तो म्हणाला. "सोमवारी... सगळं नीट होऊ दे."

"थँक यू. सगळ्याबद्दल."

तो थांबला. काहीतरी बोलणार असं वाटलं... पण त्यानं हातमोजा घातला आणि ट्रक कोपऱ्यावरून वळला. टेगन मनात स्वतःला शिव्या घालत आत आली, तोच फोन वाजला.

"टेगन," डेसचा आवाज कापत होता. "धुण्याच्या खोलीत कपाटावर लाल बर्फपेटी होती. पिकनिकची. ती आहे ना?"

चिकटपट्टीनं बंद केलेली, बिजागरी मोडकी. काल तिनंच टाकली होती, न उघडता.

"काय होतं डॅड त्यात?"

"तुझी आई."

सहा वर्षांपूर्वी डेस एकटाच पोर्टलँडला गेला होता. मॉरीनची, टेगनच्या आईची, राख तिच्या आवडत्या समुद्रात सोडून आलो, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं होतं.

टेगननं आन्टेला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. नाही. तिसऱ्यांदा त्याचा आवाज आला.

"आन्टे! स्किप रिकामा केलास?"

"कचरा डेपोच्या रांगेत आहे. पुढं दोन ट्रक. का गं?"

"थांब! माझी आई आहे त्यात!"

"...जिवंत?"

"नाही रे! राख! राख आहे तिची!"

"बरं," तो म्हणाला. "म्हणजे बरं नाही... थांब, रांगेतून बाहेर काढतो. आमच्या ट्रकच्या यार्डात ये, पत्ता पावतीवर आहे."

यार्ड दुपारी बंद होतं, दोघांखेरीज कुणी नव्हतं. आन्टेनं सगळा स्किप सिमेंटच्या जमिनीवर ओतला, आणि डेसची सहा वर्षं धडधडत बाहेर पडली. पाऊस वाढला होता. दोघं गुडघ्यांवर बसून उपसू लागले. वर्तमानपत्रांचा लगदा, पंख्यांची पाती, बरण्यांच्या काचा.

"हळू, हात कापेल," आन्टे म्हणत होता, आणि ती ऐकत नव्हती.

तासाभरानं लाल रंग दिसला. टेगननं बर्फपेटी ओढून काढली. झाकण फुटलं होतं. आत काहीच नव्हतं.

"सांडली..." तिनं पेटी उलटी करून बघितली. "आन्टे, सांडली ती. मी माझ्या आईला कचऱ्यात..."

"राख दिसतेय का कुठं? नाही ना? राख बंद डबीत देतात, म्हणजे ती डबी आहे इथंच. तू बस. मी बघतो."

तो गालिच्यांच्या ओल्या गुंडाळ्या एकेक करून बाजूला सारत गेला. तिसरी गुंडाळी त्यानं उभी केली आणि तो थांबला. आत वाकून बघितलं. पण हात घातला नाही. तो तसाच उठला, कोपऱ्यातल्या नळाशी गेला, हातमोजे काढले आणि त्या बर्फासारख्या पाण्यानं कोपरापर्यंत हात धुतले, शर्टाला पुसले. मग परत येऊन दोन्ही हातांनी त्यानं ती करडी डबी उचलली. झाकण घट्ट होतं. वरच्या चिठ्ठीवर टाइप केलेलं होतं: मॉरीन हॅलोरन.

टेगननं डबी पोटाशी धरली आणि ती ओक्साबोक्शी रडली. आन्टे तिच्यावर पाऊस पडू नये म्हणून नुसता समोर उभा राहिला.

"मला एक सांगायचंय," बऱ्याच वेळानं तो म्हणाला. "ही वेळ नाही, कळतंय मला. पण सकाळी नाही बोललो आणि वाटभर स्वतःला शिव्या घातल्या. मी... रोज स्किप बघायला नव्हतो येत. स्किप कोण बघायला जातं?"

टेगननं ओल्या डोळ्यांनी वर पाहिलं.

"उत्तर नको," तो घाईनं म्हणाला. "हॉस्पिटलला जा. वडील वाट बघत असतील. हे मी भरतो परत."

डेसनं डबी हातात घेतली आणि कितीतरी वेळ नावावरून अंगठा फिरवत राहिला.

"दर उन्हाळ्यात पेटी काढायचो," तो म्हणाला. "गाडीपर्यंत न्यायचो. पुढं पाय उचलायचा नाही. मग गाडीही बंद पडली. मला एकट्याला नाही जमलं गं पोरी."

"एकट्यानं कुणी सांगितलंय? तू बरा हो. मिळून जाऊ."

सोमवारी त्या बाई आल्या. दारापासून न्हाणीघरापर्यंत चालल्या, टेपनं दरवाजे मोजले, कागदावर काहीबाही लिहीत राहिल्या. न्हाणीघरात धरायला एक आडवा दांडा बसवा, बाई म्हणाल्या, आणि कागदावर सही केली.

त्या गेल्या तेव्हा रस्त्यापलीकडे एक ट्रक उभा होता. मागं स्किप नव्हता. काचेतून एक काळजीत पडलेलं कुरळं डोकं दिसत होतं.

टेगन धावतच गेली, दार उघडून त्याच्या शेजारी चढली. "गुरुवारी येतोय डॅड घरी!"

"येतोय? खरंच?" त्यानं डोकं स्टिअरिंगवर टेकवलं. "देवा! अर्धा तास झाला, इथं श्वास घेतला नाही मी."

काचेवर पाण्याचे ओघळ उतरत होते.

"आन्टे... तू रोज यायचास ना, तेव्हा मी सकाळपासून ट्रकचा आवाज ऐकत बसायचे. खुर्च्या परत काढायचे त्या सगळ्या काही डॅडसाठी नव्हत्या. दोन तुझ्यासाठी होत्या. स्किप लवकर भरला असता, तर तू लवकर नेला असतास."

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग हलकेच तिचा हात हातात घेतला. खरखरीत, उबदार हात.

"पण रविवारी मी परत जाणार," ती हळूच म्हणाली. "जिलाँग काही जवळ नाही रे."

"एक तास दहा मिनिटं. वाटेत मेंढ्या आडव्या आल्या तर सव्वा."

"तुला कसं माहीत?"

त्याचे कान लाल झाले. "काल जाऊन आलो. तुझ्या तरणतलावापर्यंत."

"काल? अरे, काल तर मी इथंच होते!"

"माहितीये," आन्टे म्हणाला. "रस्ता तेवढा बघून ठेवला."