रिकाम्या प्रेसचे फोटो

शनिवारी अंबडच्या औद्योगिक वसाहतीला साप्ताहिक सुट्टी. गेटवरचा वॉचमन सोडला तर कारखान्यात दोघंच होते. वरच्या ऑफिसात हर्षाली, आणि तिला सुट्टीच्या दिवशी बोलावून स्वतः आतल्या केबिनमध्ये फोनवर खिदळत बसलेले मॅनेजर शेखर निकम.

काम तसं साधं होतं. प्रेस शॉपमधला, म्हणजे पत्रा साच्यात दाबणाऱ्या मशीनच्या विभागातला, कॅमेरा फोटो काढून वेबवर टाकायचा आणि एक प्रोग्राम ते उतरवून घ्यायचा. तो प्रोग्राम पायथनच्या जुन्या आवृत्तीत लिहिलेला होता. हर्षालीला तो नव्या आवृत्तीत आणायचा होता. फोटो मागवणारी ओळच तिथे अडत होती. ती तिनं बदलली आणि तपासायला एक जुना दिवस निवडला. मुद्दामच निवडला.

त्या दिवशी प्रेसवरचा कामगार रावजी मेला होता. तो मशीनवर नव्हताच, गेटबाहेर ट्रकखाली आला, असं कंपनीचं म्हणणं. त्याची बायको मीना सुरगाण्याहून आली, गेटवर उभी राहून ओरडली, "माझा माणूस मशीनवरच व्हता!" शेखर सरांनी तिच्यासमोर फोटो धरले. प्रेस रिकामा होता. मीनानं ते हातातसुद्धा घेतले नाहीत. हर्षाली तेव्हा तिथेच होती. आठवलं की तिची कानशिलं अजून तापायची.

नव्या प्रोग्रामनं पहिला फोटो उतरवला.

प्रेससमोर रावजी उभा होता.

तिनं जुना प्रोग्राम चालवला. तोच पत्ता, तोच फोटो. प्रेस रिकामा. ब्राउझरमध्ये उघडला. रिकामा. नव्यात उघडला. रावजी. उजवी बाही कोपरापासून खाली काळी, ओली.

"सर!" ती किंचाळलीच. "तुम्ही खोटं बोललात."

शेखर सर आले. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं आणि त्यांच्या मानेवर घाम आला. "कोणी एडिट केलंय हे? तू? ते सगळं पुसून टाक. जुनाच प्रोग्राम चालू ठेव."

"नाही ठेवणार."

"नोकरी नकोय का?"

"मीनाला काय सांगितलंत ते मी ऐकलंय सर. नाही पुसणार."

"थांब," सर म्हणाले. "तुझा प्रोग्राम भंगार आहे, आत्ता दाखवतो." ते ताडताड जिना उतरले. शॉपमध्ये शिरल्याबरोबर त्यांचा फोन आला.

"प्रेससमोर उभा आहे. कॅमेऱ्याकडे हात हलवतोय. बघ."

हर्षालीनं आत्ताचा फोटो मागवला.

फोटोत हात वर केलेला रावजी होता. एकटाच.

"दिसतोय ना मी?"

तिनं पुन्हा मागवला. आता सर दिसले, पाठमोरे, निळा शर्ट, फोन कानाला. रावजी बाजूला सरकून प्रेसच्या बटणाकडे वाकला होता.

"सर, तुमचा दुसरा हात कुठे आहे?"

"खिशात. का?"

तिनं फोटो मोठा केला. हात खिशात नव्हता. प्रेसच्या साच्यात होता, कोपरापर्यंत.

"सर, तिथून निघा! मेन स्विच..."

"बंद आहे. आज सुट्टी आहे, सगळ्या मशीनची वीज बंद आहे," सर वैतागले.

मग फोनमध्ये, सरांच्या आवाजापेक्षाही जवळ, कुणीतरी अदबीनं विचारलं, "साहेब, चालू करू?"

"कर ना बाबा," सर सवयीनं, मागे न बघताच म्हणाले.