दव न पडलेली जागा

“बापू, तुमचा रोबो कोणाला घाबरतो?”

प्रश्न माझा नव्हता. शाळेच्या बसमध्ये लिछमा आणि गुड्डीने पैज लावली होती. जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात बक्षीस घेताना मी कलेक्टरांनाच प्रश्न विचारला होता. तेव्हापासून मी कुणालाही काहीही विचारू शकते अशी माझी ख्याती झाली होती, आणि खरं सांगायचं तर ती मला आवडायला लागली होती. “कलेक्टरांना कोणीही विचारेल,” लिछमा म्हणाली, “बापूंना विचारून दाखव.” म्हणून मी विचारलं, तेही जेवताना.

बापू हसले नाहीत. “बसपर्यंत पोचलं म्हणायचं,” एवढं बोलून त्यांनी बाजरीचा सोगरा मोडला.

आमच्या घराच्या कुंपणापलीकडे नजर संपेपर्यंत सौर पॅनल आहेत. ती जमीन आमचीच, कंपनीला भाड्याने दिलेली. इथे प्यायलाच पाणी टँकरने येतं, काचा कुठून धुणार? म्हणून कंपनीने बापूंना बिनपाण्याचा रोबो बनवायला सांगितलं आणि घराशेजारची ओळ चाचणीसाठी दिली. सूर्य मावळला की रोबो निघतो, काचेवरून मऊ ब्रश फिरवत, धूळ खाली लोटत. बापूंनी त्याला एक सवय लावली आहे. ब्रशला काही जड लागलं, घरटं म्हणा, दगड म्हणा, तर काचेला ओरखडा पडायच्या आत थांबायचं आणि मागे फिरायचं.

शेवटून दुसऱ्या पॅनलवर तो रोज थांबत होता. तिथे काहीही नव्हतं.

बापूंनी ब्रश बदलला, मोटर बदलली, शेवटी अख्खा दुसरा रोबो आणला. तोही तिथेच थांबला, ब्रश उचलला आणि मागे वळला. दोन आठवड्यांनी, सोमवारी, गुडगावहून कंपनीचे साहेब लोक येणार होते. ओळ एका दमात पार झाली तर बापूंचा रोबो सगळ्या सोलर पार्कात लागणार होता. नाहीतर काम दुसऱ्या गटाकडे जाणार, आणि बापूंच्या इतक्या वर्षांच्या मेहनतीचं भंगार होणार.

मग मी ठरवलं, याचा छडा मीच लावायचा.

आमच्याकडे थंडीत पहाटे दव पडतं. उन्हं यायच्या आत मी कुंपणाच्या फाटकातून आत गेले. सगळ्या काचा दवाने पांढुरक्या झाल्या होत्या. फक्त त्या एका पॅनलच्या मध्यावर कोरडी जागा होती, परातीएवढी, एका बाजूला किंचित निमुळती. मी तिथे तळहात ठेवला. कोमट लागलं. पॅनल बिघडला की एखादी जागा तापते हे मला माहीत आहे, पण ऊन असताना. मी पॅनलच्या मागच्या बाजूने वाकून तारा पाहिल्या, तारांच्या खोक्याला हात लावला. सगळं गार होतं.

मी ओढणीने कोरड्या जागेची लांबी मापली आणि ओढणीला गाठ मारली. पुढच्या आठवड्यात पुन्हा मापली. जागा गाठीच्या पुढे गेली होती.

बसमध्ये मी हे सांगितलं नाही. गुड्डीने दोनदा विचारलं, “काय गं, कळलं का कोणाला घाबरतो?” मी म्हटलं, “तुला.” सगळ्या हसल्या.

माँला मात्र दाखवलं. ती वाकली, कोरड्या जागेच्या कडेवरून हवेतच बोट फिरवलं, आणि पदर डोक्यावर ओढून घेतला.

“पाय पोटाशी घेऊन अशीच झोपायची,” ती म्हणाली.

“कोण?”

“आता विचारते कोण.”

भूरी. चिंकाऱ्याचं पाडस. आई मेलेली सापडली म्हणून माँने तिला आणलं होतं आणि आमच्या बिष्णोई बायका करतात तसं पदराखाली घेऊन स्वतःचं दूध पाजलं होतं. माझा भाऊ तेव्हा तान्हा होता. दोघं एकदमच प्यायची. पार्काचं कुंपण नवीन झालं त्या उन्हाळ्यात कुत्रे तिच्या मागे लागले. भूरी नेहमीच्या वाटेने पळाली, आणि वाटेत जाळी होती.

माँने तिला तिथेच मातीत ठेवलं. आमच्यात माणूस असो की हरीण, मातीतच ठेवतात आणि वर खूण करत नाहीत. ना दगड, ना चौथरा. खूण नव्हती, म्हणून पॅनलची ओळ आखणाऱ्यांना काही दिसलं नाही. बापू तेव्हा जोधपूरला होते.

“तुम्ही बापूंना सांगितलं नाही?”

“खांब रोवून झाले होते,” माँ म्हणाली. “मग काय सांगायचं?”

रविवारी रात्री बापूंनी ठरवलं. “उद्या ब्रशचा जोर वाढवतो. काही लागलं तरी थांबणार नाही. रेटून पुढे जाईल.”

माँच्या हातातली परात खाली ठेवल्याचा आवाज झाला.

सोमवारी मी अंधारातच उठले.

दव दाट होतं. कोरडी जागा आता काचेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत होती. पूर्ण वाढलेली. मानेचा बाक स्पष्ट कळत होता.

मी हात ठेवला. कोमट.

मग माझ्या तळहाताखालची काच हळूच वर आली आणि खाली गेली. पुन्हा वर आली.

मी हात काढला नाही.

घरी आले तेव्हा बापू चहा पीत होते आणि माँ गाईचं दूध गाळत होती. मी दारातच उभी राहिले.

“बापू, जोर वाढवायचा नाही. त्या पॅनलपाशी रोबो थांबला की मागे वळेल, आणि ती काच मी हाताने पुसेन, कडेकडेने, रोज. साहेबांना काय सांगायचं ते मी सांगेन. तुमचं काम गेलं तर माझ्यावर रागवा. पण मी ठरवलंय.”

“का पण?” बापू म्हणाले.

“कारण आज तिच्या पोटाशी अजून एक कोरडी जागा आहे,” मी म्हटलं. “ओंजळीएवढी.”