धूर, वटवाघूळ आणि बरणीतला माकूळ

"चल, दाखव तुझं वटवाघूळ," पोंग म्हणाला.

सुट्टीत तो समुद्रकाठच्या रायोंगहून डोंगरातल्या साय योकला मामेबहिणीकडे, फायकडे आला होता, तो बरणी मांडीवर घेऊनच. बरणीत खारं पाणी, पाण्यात गवताचं पातं आणि पात्याला पाठीनं चिकटलेला दहा भुजांचा माकूळ. केवढा? करंगळीच्या नखाएवढा. याच्याहून लहान काही असूच शकत नाही, असं पोंगनं आल्याआल्या जाहीर केलं होतं. फायचं म्हणणं, आमच्या गुहेतलं वटवाघूळ भुंग्याएवढं असतं, आधी ते बघ, मग फुशारक्या मार. म्हणून दिवेलागणीला ती दोघं आणि फायचा धाकटा भाऊ खाई गुहेच्या तोंडाशी बसली होती.

वटवाघळं रोज याच वेळी बाहेर पडत. आज एकही आलं नाही. आला तो धूर.

तिघं आत शिरली, तर फायच्या पायाशी काहीतरी टपकन पडलं. तिनं ते टोपीत उचललं. डुकरासारखं नाक, शेपटीचा पत्ता नाही, वजन पिसाचं. छाती तेवढी धडधडत होती. मग दुसरं पडलं. तिसरं.

आत लुंग चाय, म्हणजे तिचे मोठे चायकाका, अर्धा गाव जमवून बसले होते. उद्या लॉटरीची सोडत होती. माणसाएवढी उदबत्ती जळत गेली की राखेवर आकडा उमटतो. बाहेर वाऱ्यानं राख झडते, म्हणून गुहा. एकीवर नीट दिसेना, म्हणून चार पेटवल्या होत्या.

"लुंग, वटवाघळं मरतायत!" फाय ओरडली.

"झोपलीयेत ती. गप बस. सातासारखं काहीतरी दिसतंय."

फायनं पोंगकडे पाहिलं, पोंगनं हातातल्या बरणीकडे. मग अगदी गंभीर चेहऱ्यानं त्यानं सांगितलं, की आमच्याकडचे कोळी आकडा मागतात तो या माकुळाकडे; मात्र तो फक्त मोकळ्या हवेत, उजेड असेपर्यंतच देतो.

गुहा क्षणात रिकामी. बाहेर बरणीला हात जोडले गेले, आकडा उमटावा म्हणून झाकणावर पावडर शिंपडली गेली. आत फाय आणि खाईनं डोळे चोळत चारही उदबत्त्या डबक्यात बुडवल्या.

बराच वेळ काही नाही. मग एक निघालं, आणि मूठभर मिरं उधळावं तशी बाकीची. टोपीतलंही उडालं. काही मात्र उठलीच नाहीत.

लुंग चायचं तोंड उघडंच राहिलं. "एवढी होती आत?"

"माकूळच लहान," फाय हळूच म्हणाली.

"असेल. पण उडता कुठे येतं त्याला?" पोंग म्हणाला.

सरपंचबाई धावत आल्या. त्यांनी लुंगना सर्वांदेखत झापलं, गुहेत काडीसुद्धा ओढायची नाही असं बजावलं, मुलांच्या पाठी थोपटल्या, असली पोरं गावाला हवीत म्हणाल्या. गर्दी पांगल्यावर त्यांनी पोंगला बाजूला घेतलं.

"बाळा, मग माकुळानं आकडा दिला कोणता?"