पाचव्या दारातली आजी

"तू काय पण लिव, लोक खरं मानणार न्हाईत," सिद्धोधन म्हणला. "लाव शर्यत."

पिंकीनं लावली. दहावीच्या गणितात दोनदा आपटलेल्या पोरीला शर्यतीची खाज लय.

सिद्धोधन म्हणजे तिचा चुलतभाऊ. जिंतूरला मोबाईलच्या दुकानात बसायचा, त्यामुळं इंटरनेट आपल्याच बापानं काढलंय अशा थाटात बोलायचा. दिवाळीच्या सुट्टीत तो आलता अन् दोघं ग्रीसमधी बसून शेंगा खायलते.

ग्रीसमधी म्हणजे पिंकीच्या पप्पाच्या ग्रीसमधी. हे आधी सांगायला पाहिजे. सिताराम, म्हणजे पिंकीचा बाप, पंधरा वर्षं पुण्यात पेंटर होता. तिथं एका सायबाच्या घरी त्यानं कॅलेंडर बघितलं. ग्रीस देशातलं कुठलं तरी बेट. समुद्राच्या काठाला इतकुसं गाव, पांढरीफेक घरं, निळी दारं, वाळूत खेळणारी लेकरं. ना गर्दी, ना गोंगाट. सितारामचं मनच बसलं त्याच्यावर. वर्ष सरल्यावर सायबानं ते कॅलेंडर फेकायला काढलं, ह्यानं पिशवीत घालून घरी आणलं. अन् गावाकडं कायमचा आल्यावर येलदरीच्या धरणाच्या पाण्याला लागून त्याचं जे खडकाळ रान होतं, तिथं तसंच गाव उभं केलं.

सात घरं. पुढून घर, मागून बांबू. प्लायवूडवर पीओपी, त्याच्यावर पांढरा रंग. दारं तर नुसती रंगवलेली, कडी-कोयंडा पण ब्रशानंच काढलेला. घरांच्या मागं चार हात चिखल अन् मग पाणीच पाणी. पुढं दोन टिप्पर वाळू टाकली अन् बोर्ड लावला : 'ग्रीस बेट. शांत ठिकाण. सहकुटुंब या.' वस्तीवरचे लोक लय हसले. ग्रीस म्हणलं की त्यांना ट्रॅक्टरला लावायचं ग्रीसच आठवायचं. पण आधी लग्नाळू पोरं-पोरी फोटो काढायला आल्या, मग लेकराबाळाची माणसं यायला लागली. हितं डीजे न्हाई, बाटली न्हाई. सिताराम त्या बाबतीत एकदम कडक.

तर शर्यत. जागेला रिव्ह्यू लिवायचा, एकदम फेकाफेकीचा, अन् लोकांनी तो खरा मानला पाहिजे. पिंकीनं शेंगांचे हात ओढणीला पुसले अन् लिवलं :

'पाचव्या दारातली आजी लय मायाळू. आमी लेकरू तिच्यापाशी ठिवलं अन् बिनघोर फोटो काढले. लेकरू रडलं पण न्हाई.'

खाली नाव ठोकून दिलं, संघप्रिया टीचर. पाच तारे.

"पाचव्या दारात आजी!" सिद्धोधन हसून वाळूत लोळला. "आगं, त्या दारामागं चिमणी बसायला जागा न्हाई."

"म्हणून तर," पिंकी म्हणली.

त्यांच्या घरी रोज सकाळी बुद्धवंदना व्हायची. पंचशील म्हणताना, खोटं बोलणार न्हाई म्हणतेत त्या चौथ्या ओळीला, पिंकीची जीभ आधीच जरा जल्दी पळायची. त्या दिवसापासून आणखीच पळायला लागली.

आठ दिवसांनी दुसरा रिव्ह्यू पडला. पोखर्णीला देवदर्शन करून इकडं आलेल्या कुणाचा तरी. 'आजी छान आहेत. बोलतात कमी. बाळ शांत राहिले.'

पिंकीनं लगेच सिद्धोधनला फोन लावला. "दाद्या, तूच ना?"

"मी कशाला? तूच लिवायलीस अन् मलाच इचारायलीस व्हय."

"शप्पथ?"

"शप्पथ."

दोघांना पण वाटलं समोरचं फेकायलंय. दोघं तसलेच होते, त्यामुळं इश्वास बसायचा सवालच न्हाई. मग तिसरा आला. 'आजींचे हात गार आहेत. मुलगी लगेच झोपली.' मग चौथा. 'आजी काळ्या कपड्यात असतात, पण लेकरं घाबरत नाहीत.' पिंकी मनात म्हणली, वा रे दाद्या, म्हातारीला कपडे पण शिवलेस.

पिंकी बाकीचे दिवस शिकवणीला जायची, रविवारी फाटकावर बसायची. आलेल्या लोकांना फोटोसाठी गवताच्या टोप्या अन् निळ्या छत्र्या द्यायच्या, एवढंच काम. फाटकावरून पहिली तीन घरं दिसायची. पुढची वळणाच्या आड.

असाच एक रविवार. अकरा-साडेअकराची वेळ, ऊन मऊ, पाणी आरशासारखं. परभणीहून आदिनाथ अन् मंजुषा असं जोडपं आलं. संग चार वर्षांची पोरगी, लाडानं ठमी म्हणायचे. ठमीनं गाडीतून उतरायच्या आधीच असलं भोकाड पसरलं होतं की वस्तीवरची कुत्री उठून बसली. तिला छत्री पाहिजे होती. दिली तर टोपी पाहिजे होती. टोपी दिली तर गाडीतच बसायचं होतं.

"लय गोड हाय हो," पिंकी म्हणली, कानावर हात ठिवून.

अर्ध्या तासानं पिंकीच्या लक्षात आलं की आवाज बंद हाय. तिला बरं वाटलं. मग कशाचं काय, उगंच उठली अन् घरांकडं गेली. आदिनाथ-मंजुषा दुसऱ्या घराच्या पायरीवर बसून फोटो काढायलते. दोघंच.

"ताई, लेकरू कुठंय?"

"आजींपाशी," मंजुषा म्हणली. "पाचव्या दारात."

पिंकी हसली. मंजुषा पण हसली. पण मंजुषाचं हसणं मस्करीचं नव्हतं.

"कोणत्या आजी?"

"अगं, त्या काळा डगला अन् डोक्याला काळा रुमाल बांधलेल्या. परदेशी पोशाख दिलाय त्यांना, छान आयडिया आहे हं तुमची. त्यांनी हात पुढं केले अन् ही आपोआप गेली. माझ्या सासूबाईंकडं सुद्धा जात नाही कधी."

पिंकी पाचव्या दाराकडं चालायला लागली. पळत न्हाई, चालतच. पळालं तर आपण काय तरी मानलं असं व्हईल, म्हणून.

दार होतं तसंच होतं. पांढऱ्या भिंतीवर निळा रंग, रंगाचीच कडी. तिनं टकटक केलं. प्लायवूडचा पोकळ आवाज. कान लावला. आत काय असणार, मागं तर चार हात चिखल... पण कान लावल्यावर तिला लांबून पाण्याचा आवाज आला. धरणाचं पाणी कधी आवाज करत न्हाई. हे करायलं होतं. येत होतं, फुटत होतं, मागं जात होतं.

तिनं झटक्यानं कान काढला अन् वळसा घालून मागं गेली. बांबू. सुतळी. चिखल. चिखलावर बगळ्याच्या पायाचे ठसे होते, लेकराचे न्हाईत. म्हणजे पाण्यात गेलं न्हाई. तिला हायसं वाटलं, अन् मग लगेच इचार आला, मग गेलं कुठं? समोरचं पाणी मुकाट पडलं होतं. वास तेवढा येत होता. मिठाच्या बरणीत नाक घातल्यावर येतो, तसला.

सिताराम सातव्या घराचा उडालेला रंग सारखा करायलता.

"पप्पा, ते परभणीचं लेकरू दिसंना."

"म्हातारीपाशी आसंल," तो ब्रश न थांबवता म्हणला.

घ्या. पप्पानं पण रिव्ह्यू वाचले जणू.

त्याच वेळेला सांगायला पाहिजे होतं. ओठापर्यंत आलं होतं तिच्या. पण सिताराम म्हणजे गावोगावी जाऊन बुवा लोकांच्या हातचलाख्या उघड्या पाडणारा माणूस. भूत मानत न्हाई, अन् खोटं तर त्याला अजिबात खपत न्हाई. त्याच्या जागेला पोरीनंच खोटं चिकटवलं म्हणल्यावर त्याचं तोंड कसं व्हईल, हे तिला दिसलं अन् जीभ टाळूला बसली.

ती वळली तर ठमी पाचव्या दारासमोर उभी.

एकटी. उन्हात. कोरडी ठणठणीत. मंजुषानं पळत येऊन उचलली, गालाची पापी घेतली अन् ओठ पुसले. "अगंबाई, खारट लागायलीय ही! घाम आला का गं बाळा?"

घाम कुठला. पिंकीला जवळून दिसलं, पोरीचे केस काड्यासारखे ताठ झाले होते अन् पापण्यांवर बारीक पांढरे कण होते. समुद्र हितून एका रात्रीच्या रेल्वेवर.

ठमी आईकडं बघायली होती, जसं आपण पाव्हण्याकडं बघतो. ओळख काढत.

फाटकापाशी गाडीत बसताना आदिनाथनं दार लोटलं अन् ठमीचं बोट सापडलं. चांगलं चिमटून. पिंकी वराडली, मंजुषा वराडली, आदिनाथनं घाबरून दार उघडलं. ठमी काहीच म्हणली न्हाई. तिनं ते निळं पडलेलं बोट वर धरलं अन् बघत बसली. कुणाचं तरी पडलेलं सापडलंय, असं.

"बघा, किती शहाणी झाली," मंजुषा रुमाल गुंडाळत म्हणली, पण तिचा आवाज बारीक झाला होता. "रडली पण नाही."

हे पिंकीचं वाक्य होतं. शेंगा खाता खाता लिवलेलं.

गाडी गेली. धुरळा खाली बसायच्या आत दुसरी आली, जिंतूरची जीप. आठ-दहा माणसं. त्यात एका बाईच्या कडेवर तान्हं, पाच-सहा महिन्यांचं, अन् ते लाल होऊन कोकलायलं होतं.

"पाचवं दार कुठंय गं, पोरी?"

"पाचवं... आज बंद हाय, मावशी."

"बंद कसलं? वाचून आलो आमी. आजी आसत्यात म्हणं," ती बाई म्हणली अन् वाळूतून सरळ चालायला लागली. तेवढ्यात बाकीच्यांनी पिंकीला घेरलं. मला टोपी, मला छत्री, ही फाटकीय, दुसरी दे. पिंकी दोन्ही हातांनी टोप्या वाटायली होती अन् कान तिकडं. रडणं वळणाच्या पलीकडं गेलं. मग थोडं बारीक झालं. मग आणखी बारीक.

तिनं टोप्या टाकल्या अन् पळाली. आता काय मानायचं ते माना.

बाई पाचव्या दारासमोर उभी होती. दोन्ही हातांवर तान्हं पुढं धरलं होतं. समोर कोणी न्हाई, नुसतं रंगवलेलं दार. अन् बाई हसून म्हणायली होती,

"धरलं का नीट, आजी? सोडू का मी?"

तान्हं अधांतरी बघत होतं, तोंड उघडं, आवाज न्हाई. बाईचे हात हळूहळू वर यायले होते. वजन कमी व्हायल्यावर येतेत, तसे.

पिंकीनं मधी झेप घातली अन् लेकरू ओढलं. लगेच आलं न्हाई ते. पलीकडून धरलेलं होतं. ओल्या गार कशात तरी तिची बोटं घुसली, तिनं डोळे मिटले अन् जीव खाऊन हिसका दिला. सुटलं. छातीशी आल्याबरोबर लेकरानं असा टाहो फोडला की सगळी जीप धावत आली. पिंकीला तेवढं गोड रडणं कधी ऐकायला मिळालं नव्हतं. ती लेकराला घट्ट धरून दाराकडं पाठ करून उभी राहिली.

"येडी झाली काय पोरगी!" बाई भडकली. "म्हातारीच्या हातातून हिसकती!"

सिताराम ब्रश घेऊनच आला. मागनं चांगुणाबाई, पिंकीची आई, चहाची किटली घेऊन.

"काय झालं गं?" चांगुणाबाई म्हणली. "कामून वराडायलेत सगळे?"

पिंकीची जीभ सुटली.

"मम्मी, पप्पा... आजी न्हाई हितं. कुणाची पण न्हाई. मीच लिवलं. संघप्रिया टीचर म्हणून मीच लिवलं. दाद्यासंग शर्यत लागली होती, म्हणून. माझ्या मनानं काढलेली हाय ती. तुमी ते काढून टाका, पप्पा, अन् कुणाला लेकरू देऊ नका हितं... मला मारा पायजे तर."

तान्हं तेवढं रडत होतं. पिंकीनं बापाच्या तोंडाकडं बघितलं. तो रागावला नव्हता. हिशेब लागल्यावर माणसाचं तोंड मोकळं होतं, तसं झालं होतं.

"म्हणजे ते खरंच व्हय," सिताराम म्हणला. "मला पयल्याच दिवशी म्हणली म्हातारी, पिंकीनं बोलावलं म्हणून आले. मी म्हणलं, आसंल तुझ्या कुण्या मैत्रिणीची आजी, बाहेरगावची. चहा पाजला."

"पप्पा..."

"कवा पण दिसली की तुलाच इचारती. म्हणती, एवढ्या लांबून आले, अन् पोरगी काय भेटंना."

मग त्याची नजर पिंकीच्या खांद्यावरून मागं गेली. दाराकडं. पाव्हण्याला बघून हसावं तसा तो हसला, अन् हातातला ब्रश खाली ठिवला.

"ही बघा, आजी," तो म्हणला. "हीच आमची पिंकी."